जुन्या ८०० चा एसी आर-१२ वरून १३४ए वर: गॅस सगळ्यात शेवटी

बाबांची मारुती ८०० आहे, १९९४ ची, एसीवाली. अजून चालते, रोज नाही पण रविवारी भाजीला आणि वर्षातून एकदा गावाला. दर ५ वर्षांनी आरटीओत नेऊन रजिस्ट्रेशन वाढवून आणायचं, ग्रीन टॅक्स भरायचा, हे सगळं बाबा हौसेने करतात, पण एसीचं मात्र कित्येक वर्षं कोणी नाव काढलं नव्हतं. बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि जाळीतून धुळीचा वास यायचा, बस. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी तो जुन्या आर-१२ गॅसवरून १३४ए या नवीन गॅसवर करून घेतला, अर्धं काम आमच्या पार्किंगमध्ये आणि अर्धं ओळखीच्या एसी मेकॅनिककाकांकडे. ज्यांच्याकडे जुनी पद्मिनी, कॉन्टेसा, ८००, असं काही पडून आहे आणि ज्यांना गॅरेजवाले "फक्त गॅस बदलायचा, दोन तासात गाडी घेऊन जा" सांगतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण गॅस भरणं हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं काम आहे, पैसे आणि डोकं दोन्ही त्याच्या आधी लागतं.

आधी तुमच्या गाडीत कुठला गॅस होता ते बघा. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, हा ग्रॅमचा आकडा फोटो काढून ठेवा, पुढे लागणारे. स्टिकर गेला असेल तर गॅस भरायची तोंडं बघा. आर-१२ ची तोंडं आट्यांची असतात, म्हणजे पाईप स्क्रूसारखा फिरवून बसवायचा, आणि १३४ए ची गुळगुळीत, वरून कपलर दाबला की खट्ट करून बसतो, लो साइडचं (कमी प्रेशरची बाजू) १३ मिमी आणि हाय साइडचं (जास्त प्रेशरची बाजू) १६ मिमी, म्हणजे चुकून उलटसुलट लागूच नये. आपल्याकडे १ जानेवारी २००३ पासून नवीन एसीत सीएफसी, म्हणजे आर-१२ च्या जातीचे गॅस, वापरायला बंदी आली, त्यामुळे नव्वदच्या दशकातली गाडी असेल तर बहुतेक आर-१२ च, त्यानंतरची असेल तर बहुतेक काही करायची गरजच नाही. आर-१२ बनवणंही २०१० च्या आधीच थांबलं. ओझोनचं कारण सगळ्यांना माहितीये, पण तापमानवाढीतही तो गॅस कार्बन डायऑक्साइडच्या १०,९०० पट आहे आणि १३४ए १,४३० पट. म्हणजे १३४ए काही साधू नाही, पण ओझोनला हात लावत नाही आणि कुठल्याही दुकानात डब्यात मिळतो. युरोपात २०१७ पासून नवीन गाड्यांना तोही चालत नाही, तिकडे १२३४वायएफ आलाय, पण तो जुन्या गाडीत घालायच्या भानगडीत पडू नका, महाग आहे, थोडा पेट घेणारा आहे आणि आपल्या कामाला त्याचा काही फायदा नाही.

आता नुसता गॅस बदलून का भागत नाही. मुख्य गोष्ट ऑइल. कम्प्रेसरमध्ये (गॅस दाबून फिरवणारा भाग) वेगळं ऑइल पंपाने येत नाही, ते गॅसबरोबरच सगळ्या पाइपांतून फिरून परत कम्प्रेसरला येतं. आर-१२ बरोबर मिनरल ऑइल असायचं आणि ते त्याच्यात मस्त विरघळायचं. १३४ए मध्ये मिनरल ऑइल विरघळत नाही, पाणी आणि फोडणीच्या तेलासारखं वेगळं राहतं, मग ते कूलिंग कॉइलच्या तळाशी जाऊन बसतं आणि कम्प्रेसर कोरडा फिरत राहतो. पहिले काही दिवस एसी झकास थंड करतो, मालक खूश, गॅरेजवाला खूश, आणि एखाद्या सिझनमध्ये कम्प्रेसर घरघर करून जाम. "१३४ टाकल्यावर कम्प्रेसर गेला" ही जी तक्रार सगळीकडे ऐकू येते ना, त्यातल्या बऱ्याच केसमध्ये गॅसचा काही दोष नसतो, ऑइलच बदललेलं नसतं.

दुसरं म्हणजे ड्रायर. त्यात ओलावा शोषणारे दाणे असतात आणि आर-१२ च्या जमान्यातले दाणे १३४ए ला चालत नाहीत, ते झिजून त्यांची पूड सिस्टीममध्ये फिरते. शिवाय वीस-तीस वर्षं जुना ड्रायर असाही भिजलेल्या पापडासारखाच झालेला असतो. घेताना दाणे एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ आहेत का विचारा, जुना एक्सएच-५ नको. तिसरं ओ-रिंगा, म्हणजे जोडांतल्या रबरी रिंगा, जुन्या काळ्या असतात, नवीन एचएनबीआर रबराच्या घ्यायच्या, बहुतेक हिरव्या येतात, पण रंगावर जाऊ नका, नाव विचारून घ्या. आणि चौथं कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या तोंडाशी गरम गॅस गार करणारी जाळी, त्यावर नंतर सविस्तर येतो कारण महाराष्ट्रात खरा खेळ तिथेच आहे.

मध्येच एक किस्सा सांगतो. २०११ ला आम्ही उन्हाळ्यात गावाला चाललो होतो तेव्हा हायवेवरच्या एका गॅरेजात बाबांनी याच गाडीत गॅस भरून घेतला होता. त्या माणसाने घरच्या विंडो एसीचा गॅस, म्हणजे आर-२२, मारला आणि म्हणाला साहेब बर्फासारखं थंड होईल. झालं पण, अर्धा तास. मग घाटात पुढून 'फट्ट' असा आवाज आला आणि बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर. आई म्हणाली गाडी पेटली, उतरा उतरा. हाय साइडचा होज, म्हणजे गॅसचा रबरी पाइप, फाटला होता. त्याचं गणित नंतर कळलं. ६० डिग्रीला आर-१२ चं प्रेशर साधारण २०७ पीएसआय असतं, १३४ए चं २२९, आणि आर-२२ चं ३३८ च्या आसपास. तो होज बिचारा कशासाठी बनलेला आणि त्याच्यात काय भरलं. तेव्हा आर-२२ नाही, आणि एलपीजी तर अजिबातच नाही, काही ठिकाणी अजून घरगुती सिलेंडरमधून मारून देतात. कूलिंग कॉइल तुमच्या बायकोच्या गुडघ्यासमोर आहे, ती लीक झाली की गॅस थेट केबिनमध्ये येतो, एवढंच डोक्यात ठेवा.

सामानाचं म्हणाल तर मी पुण्यात नाना पेठेत फिरून घेतलं, मुंबईवाल्यांना कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल. नवीन ड्रायर, १३४ए चा एक्सपान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा), ओ-रिंगांचा डबा, दोन अॅडॉप्टर, ईस्टर ऑइल, पॅरलल फ्लो कंडेन्सर, एक जास्तीचा पंखा आणि गॅसचे दोन डबे. काकांची मजुरी धरून सगळं ९-१० हजारात बसलं, त्यातला गॅस सगळ्यात स्वस्त. गेज सेट (प्रेशर दाखवणारे दोन काटे, निळा-लाल नॉब आणि डब्याला जोडायचा पिवळा पाइप) आणि व्हॅक्यूम पंप विकत घेऊ नका, एकदा वापरून माळ्यावर जाणार, काकांसारखा कोणीतरी पकडा.

ऑइल कुठलं यावर लोक हिरीरीने भांडतात. दोन प्रकार, पॅग आणि ईस्टर. पॅग हे १३४ए चं मूळचं ऑइल, नवीन गाड्यांत तेच असतं, पण आर-१२ मधला क्लोरीनचा उरलासुरला अंश त्याला मानवत नाही आणि हवेतला ओलावा ते भयंकर ओढतं, डबा उघडा ठेवून चहाला गेलात तर ते ऑइल कामातून गेलं समजा. ईस्टर थोडं समजूतदार आहे, कोपऱ्यात थोडं मिनरल ऑइल राहिलं तरी चालवून घेतं. म्हणून जुनाच कम्प्रेसर ठेवणार असाल तर ईस्टर १०० (१०० हा ऑइलच्या जाडीचा नंबर), आणि कम्प्रेसरच नवीन घेताय आणि बाकी सगळं स्वच्छ धुतलंय तर कम्प्रेसरवाला जे सांगेल तेच पॅग. दोन्ही मिसळायचं नाही.

आता काम. सिस्टीममध्ये आर-१२ अजून शिल्लक असेल तर नट ढिला करून फुस्स करून सोडू नका, रिकव्हरी मशीन असलेल्याकडून सिलेंडरमध्ये काढून घ्या. आमच्या गाडीत काहीच नव्हतं, गेज लावलं तर काटा झिरोवर. तरी गॉगल आणि हातमोजे घाला, कारण लिक्विड गॅस हातावर आला तर तो तिथल्या तिथे उकळतो, १३४ए उणे २६ डिग्रीला आणि आर-१२ जवळपास उणे ३० ला, आणि चामडी भाजल्यासारखी होते. आणि आसपास कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवा, हे गॅस ज्योतीतून गेले की विषारी होतात.

पाइप खोलताना दोन पाने लागतात, एकाने नट फिरवायचा आणि दुसऱ्याने समोरचा भाग धरायचा. पाइप अॅल्युमिनियमचे आहेत आणि तीस वर्षं कोणी हात लावलेला नाही, एकाच पान्याने जोर लावलात तर नट हलणार नाही, पाइप मात्र जिलबीसारखा पिळेल. मी आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता, तरी ड्रायरचा एक नट सुटायला पाऊण तास लागला. सुटला तेव्हा आतली ओ-रिंग बाहेर आली ती गोल राहिलीच नव्हती, चपटी झालेली, आणि नखाने दाबली तर वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखी कड्कन तुटली. त्या एका रिंगेकडे बघून कळलं की आजपर्यंत भरलेला सगळा गॅस कुठे गेला. उघडलेल्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाला लगेच प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, ओलावा आणि धूळ आत जायला नको, पावसाळ्यात तर हे काम काढूच नका.

कम्प्रेसर काढून उलटा करा आणि क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवत सगळं ऑइल एका मापात पाडा. औषधाच्या बाटलीचं माप चालतं. किती मिली निघालं ते लिहून ठेवा आणि रंग बघा. पिवळसर पारदर्शक असेल तर छान. आमचं चहाच्या रंगाचं होतं, काका म्हणाले चालेल. पण काळं असेल आणि बोटांत चोळल्यावर चकचकीत कण दिसत असतील तर तिथेच थांबा, कम्प्रेसर आतून खाल्ला गेलाय, त्यावर नवीन ऑइल आणि गॅस घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नंतर नवीन ऑइल भरताना मॅन्युअलमधला आकडा घ्यायचा, निघालेलं ऑइल बघून भरू नका कारण त्यातलं अर्धं कुठे कुठे अडकलेलं असतं, ते तर आता आपण धुऊन काढतोय. थोडं कम्प्रेसरमध्ये, थोडं ड्रायरमध्ये, थोडं कॉइलमध्ये असं वाटून टाका आणि मग क्लच हाताने दहा-बारा वेळा फिरवा, नाहीतर पहिल्याच झटक्यात कम्प्रेसर ऑइलच दाबायला जाईल आणि वॉल्व्ह तुटेल.

धुवायचं म्हणजे कूलिंग कॉइल आणि पाइप, आणि जुनाच कंडेन्सर ठेवणार असाल तर तोही. कम्प्रेसर, ड्रायर आणि एक्सपान्शन वॉल्व्ह धुवायचे नाहीत. पूर्वी सगळे १४१बी नावाच्या लिक्विडने धुवायचे, तेही ओझोनच्या भानगडीत १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे बंद झालं, आता एसी फ्लश म्हणून दुसरी लिक्विडं मिळतात ती वापरा आणि मागून कोरडा नायट्रोजन मारून वास जाईपर्यंत सुकवा. पेट्रोलने किंवा थिनरने धुणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका, ते आत राहतं आणि नवीन ऑइलची वाट लावतं. ८०० मध्ये कूलिंग कॉइल डाव्या बाजूला ग्लव्ह बॉक्सच्या मागे असते, काढायला कंटाळा येतो पण काढाच, कारण या गाडीला केबिन फिल्टर नाही. आमच्या कॉइलवर कबुतराची पिसं, गुलमोहराची पानं आणि १९९० च्या दशकातलं एक बसचं तिकीट निघालं. ती कॉइल नळाखाली धरून मऊ ब्रशने धुतली तेव्हा पहिल्या बादलीत जे पाणी पडलं ते काळी शाई होती, आणि माझ्या मते निम्मं कूलिंग त्या बादलीतच परत मिळालं. कॉइल बाहेर आलीच आहे तर एक्सपान्शन वॉल्व्ह पण बदलून टाका, पुन्हा डॅशबोर्ड कोण खोलणार.

जुने होज ठेवायचे की बदलायचे? १३४ए चे रेणू लहान असतात आणि साध्या रबरातून हळूहळू झिरपतात, नव्या होजच्या आत नायलॉनचं अस्तर असतं. पण जुना होज इतकी वर्षं ऑइल पिऊन बसलेला असतो, त्यामुळे तडे गेले नसतील आणि जोडाशी ऑइलचा ओलावा नसेल तर तो बऱ्यापैकी धरतो. आमचा एक २०११ ला बदललेलाच होता, दुसरा काकांनी वाकवून बघितला, बारीक चिरा दिसल्या, नवीन क्रिंप करून आणला.

कंडेन्सरचं आता. १३४ए गार हवेत आर-१२ च्या बरोबरीने काम करतो, गडबड होते ती उष्णतेत. ७० डिग्रीला आर-१२ चं प्रेशर २५९ पीएसआयच्या आसपास, १३४ए चं २९२. आता कोणी म्हणेल कंडेन्सर ७० डिग्रीला कशाला जाईल, तर नागपूरला मे महिन्यात ४५ डिग्रीत सिग्नलला उभे राहा, खालून डांबर तापलेलं, पुढच्या ट्रकचा सायलेन्सर तोंडावर, आणि कंडेन्सरवर तीस वर्षांची धूळ. तिथे जातोच. मग प्रेशर वाढतं, कम्प्रेसरवर लोड येतो आणि ८०० च्या ७९६ सीसीच्या इंजिनला आधीच एसी म्हणजे पाचवा माणूस मागे बसल्यासारखं असतं. म्हणून जुना साध्या नळीचा कंडेन्सर काढून त्याच मापाचा पॅरलल फ्लो लावा, चपट्या बारीक नळ्यांचा, आणि त्याच्यासमोर चांगला हवा ओढणारा पंखा. बजेट कमी असेल तर बाकी सगळं तसंच ठेवून निदान पंखा तरी वाढवा आणि जुना कंडेन्सर पाण्याने नीट धुवा. पुण्यात, नाशकात त्यावर निभावेल, विदर्भ-मराठवाड्यात नाही. आणि हाय प्रेशरला कम्प्रेसर बंद करणारा स्विच तुमच्या गाडीत नसेल तर या कामात तो लावून घ्या, कारण जुन्या सिस्टीममध्ये कित्येकदा फक्त गॅस हवेत सोडणारा सेफ्टी वॉल्व्ह असतो.

सगळं जोडताना प्रत्येक ओ-रिंग त्याच ईस्टर ऑइलात बुडवून बसवायची, सुकी बसवली की चिमटते. जुन्या आट्यांच्या तोंडांतल्या वॉल्व्हच्या पिना नवीन टाका आणि वरून १३४ए चे अॅडॉप्टर घट्ट बसवा, लो साइडला निळ्या टोपीचा, हाय साइडला लाल.

मग लिकेज. गेज लावून कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून १५० पीएसआयपर्यंत भरा आणि प्रत्येक जोडावर भांडी घासायच्या लिक्विडचा फेस लावा. ऑक्सिजनचा सिलेंडर कोणी पुढे केला तर पळून जा, ऑइल आणि ऑक्सिजन प्रेशरखाली भेटले की स्फोट होतो, आणि हवेच्या कम्प्रेसरनेही करू नका, ओलावा जातो. आमच्या एका अॅडॉप्टरवर फेसाचा एकच बुडबुडा यायचा, मिनिटाला एक, इतका सावकाश की मी म्हटलं काका सोडा. काका म्हणाले, "हा एक बुडबुडा म्हणजे दिवाळीपर्यंत रिकामी." परत कसला, बंद झाला. तसंच रात्रभर ठेवलं. सकाळी गारव्यामुळे काटा थोडा खाली येतो, तेवढ्याने घाबरू नका, ऊन चढलं की परत वर येतो का बघा.

आता व्हॅक्यूम. नायट्रोजन सोडून दिला की पंप लावायचा, आतली हवा आणि मुख्य म्हणजे ओलावा काढायला. प्रेशर पुरेसं खाली नेलं की पाणी साध्या २५ डिग्रीलाच उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो, हा त्यातला सगळा खेळ. म्हणून १० मिनिटांत काटा खाली गेला म्हणून पंप बंद करायचा नाही, निदान ४५ मिनिटं, आणि सिस्टीम बरेच दिवस उघडी होती तर दीड तास चालू द्या. इथे माझी एक फजिती. सगळीकडे वाचलेलं की काटा २९-३० इंचावर (पाऱ्याचे इंच) गेला पाहिजे, आमचा २८ ला अडकून बसला. अर्धा तास झाला, एक तास झाला, २८. मी परत सगळे नट आवळत सुटलो. काका बाकावर बसून पेपर वाचत होते, म्हणाले "अरे बाळा, आपण समुद्रावर आहोत का?" तेव्हा ट्यूब पेटली. ३० हा आकडा समुद्रसपाटीचा आहे, पुणे ५६० मीटरवर आहे, इथे हवेचंच वजन २८ इंचाचं आहे तर त्याच्या खाली काटा जाणार कुठे. मुंबईत, रत्नागिरीत ३० च्या जवळ दिसेल, महाबळेश्वरला पूर्ण व्हॅक्यूम असूनही साडेपंचविसाच्या आत. त्यामुळे आकड्यापेक्षा हे बघा: दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पंप थांबवा आणि अर्धा तास काटा हलतो का बघा. हलला नाही तर पास. हळूहळू वर चढून एका जागी थांबला तर आत ओलावा आहे, पंप परत लावा. चढतच राहिला तर लिकेज आहे, परत फेस.

गॅस भरायचा तो वजनाने, आणि स्टिकरवरच्या आकड्याच्या ८० ते ८५ टक्के. समजा आर-१२ चे ७०० ग्रॅम लिहिलंय, तर १३४ए ५६० ते ५९५ ग्रॅम. जास्त भरला की जास्त थंड होतो हा समज डोक्यातून काढा, या गॅसला जास्त झालं की हाय साइडचं प्रेशर चढतं आणि उलट गरम हवा यायला लागते. आणि जुने मेकॅनिक ड्रायरवरच्या काचेत बघून भरतात, बुडबुडे गेले की गॅस फुल. ते आर-१२ चं गणित आहे. १३४ए मध्ये काच पूर्ण स्वच्छ होईपर्यंत भरत बसलात तर हमखास जास्त होतो, काकांच्या हातालासुद्धा ती सवय होती आणि मला त्यांना दोनदा थांबवायला लागलं. मी घरचा वजनकाटा नेला होता, आईचा, लाडवाच्या बेसनाचा, त्यावर डबा ठेवून किती ग्रॅम कमी झाले ते बघत होतो. (काटा परत दिल्यावर आईने तो तीन वेळा साबणाने धुतला.)

गेजच्या पिवळ्या पाइपातली हवा आधी थोडा गॅस सोडून काढून टाका. मग इंजिन बंद असतानाच व्हॅक्यूममुळे जेवढा आपोआप आत जातो तेवढा जाऊ द्या. तो थांबला की हाय साइडचा लाल नॉब बंद. हे परत वाचा, लाल नॉब बंद, आणि इंजिन चालू असेपर्यंत तो उघडायचा नाही, नाहीतर २०० च्या वरचं प्रेशर उलटं डब्यात शिरतं आणि डबा हातात फुटतो. आता इंजिन चालू, एसी फुल, ब्लोअर फुल, दारं उघडी, आणि निळ्या नॉबने लो साइडमधून थोडा थोडा गॅस. डबा उभाच धरा, उलटा केला की लिक्विड कम्प्रेसरला जातं आणि तो वाफ दाबायला बनलाय, लिक्विड दाबत नाही. डबा गार होऊन गॅस यायचा मंदावतो तेव्हा कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, ज्या पाण्यात हात आरामात राहील तेवढंच कोमट, लायटर आणि टॉर्च विसरा.

७५ टक्क्यांना थांबून गेज बघायचं. आरपीएम दीड हजार, ३५ डिग्रीच्या दुपारी लो साइड २५ ते ४० पीएसआय आणि हाय साइड २१० ते २४० च्या मध्ये आली की काम झालं. आमची ५७० ग्रॅमला ३० आणि २२५ दाखवत होती, तिथेच थांबलो. लो कमी आणि हाय पण कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे गॅस जास्त किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाहीये, आधी पंखा बघा, कंडेन्सरवर मग्गाभर पाणी मारा, काटा झटकन पडला तर हवेचाच प्रश्न आहे. लो जवळपास झिरोवर आणि हाय नॉर्मल किंवा कमी म्हणजे एक्सपान्शन वॉल्व्ह अडकलाय, किंवा आत ओलावा आहे आणि वॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतोय, हा दुसरा प्रकार असेल तर पाच-दहा मिनिटं एसी बंद ठेवला की आपोआप परत चालू होतो. तसं झालं तर व्हॅक्यूम कमी मारलाय, सगळं पहिल्यापासून.

जाळीत थर्मामीटर खुपसून बघा. आम्हाला गाडी चालती असताना ८-९ डिग्री मिळाले, सिग्नलला १३-१४. आर-१२ च्या दिवसांत यापेक्षा गार होतं असं बाबा म्हणतात, असेल, उभ्या गाडीत एक-दोन डिग्रीचा फरक पडतोच. दमट हवेत, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा, तिथे आकडा थोडा जास्त येईल आणि खालून पाणी जास्त ठिबकेल, ते कॉइलवर हवेतलं पाणी धरल्यामुळे, लिकेज नाही.

त्यानंतर थंडीत, पावसाळ्यात, कधीही आठवड्यातून एकदा १० मिनिटं एसी चालवा, गॅसबरोबर ऑइल फिरून कम्प्रेसरच्या शाफ्टचा सील ओला राहतो, सहा महिने बंद ठेवला की तो सुकतो आणि गॅस तिथूनच जातो.

आणि बॉनेट बंद करायच्या आधी जुन्या स्टिकरवर नवीन चिकटवा. आर-१२ खोडून १३४ए, किती ग्रॅम, कुठलं ऑइल, तारीख. पुढचा मेकॅनिक कोण असेल काय माहीत, त्याने सवयीने मिनरल ऑइल ओतायला नको. आमच्या स्टिकरवर बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, आणि खाली लाल पेनाने, "५७० ग्रॅम. काचेत बघू नये."